सात चाळीसची व्हॅन

स्मरणिका समितीच्या बैठकीत विषयांची वाटणी झाली तेव्हा गणेशोत्सव, पाण्याची टाकी, लिफ्ट, गच्चीची गळती हे सगळे विषय पटापट गेले. मी कोपऱ्यात बसलो होतो. सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्याकडे ती वही आहे ना अजून? मग व्हॅनवर लिहा." वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोनशे पानी, मुलुंडच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली. पहिल्या पानावर तारीख आहे १ ऑगस्ट २०००, आणि त्याखाली सात ओळी. या लेखात मी नावं घालणार नाही. जुन्या सभासदांना नावांची गरज नाही, आणि नव्यांना कोण कोण ते जिन्यात विचारता येईल.

२००० साली ऐरोली कशी होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर व्हॅनची गरज का पडली हे आजच्या मुलांना कळणार नाही. आज आपल्या गेटपासून रिक्षाने स्टेशन पाच-सात मिनिटांवर. तेव्हा स्टेशनच नव्हतं. ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या त्या नोव्हेंबर २००४ मध्ये. म्हणजे आपण ताबा घेतल्यावर चार वर्षं ऐरोलीला रेल्वेचा पत्ता नव्हता. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे खाडीवरचा पूल १९९९ साली खुला झाला होता. त्याआधी मुंबईला जायचं म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्याने कळव्यावरून ठाणे गाठा, नाहीतर उलटं वाशीला जा. पूल झाला आणि मुलुंड एकदम समोर आलं. खरं सांगायचं तर आपल्यापैकी निम्म्या लोकांनी इथे फ्लॅट घेतला तो त्या पुलाच्या भरवशावर. सिडकोच्या नकाशावर मुंबई बोटभर अंतरावर दिसायची.

पण पूल म्हणजे रस्ता, गाडी नव्हे. मुलुंडला जाणारी बस कधी वेळेवर यायची, कधी यायचीच नाही. आली तर दरवाज्यावर लटकायचं, मग मुलुंड स्टेशनात फास्ट लोकलमध्ये घुसायचं (चढायचं म्हणत नाही मी), आणि सीएसटीला उतरून फोर्टपर्यंत चालत. घरून सव्वासातला निघून साडेनऊला टेबलावर. संध्याकाळी तेच उलटं, आणि पुलावर बसची वाट बघत खाडीवरचे डास.

बी-विंगमधले व्हॅनवाले काका कस्टम क्लिअरिंगचं काम करायचे, बॅलार्ड पिअरला ऑफिस. त्यांची पांढरी मारुती ओम्नी होती, समोरासमोर बाकं असलेली आठ सीटची. जुलै महिन्यात एका सकाळी मुसळधार पावसात ते गेटमधून एकटेच निघाले, बस स्टॉपवर आम्ही चौघं छत्र्या सांभाळत उभे. त्यांनी गाडी थांबवली आणि काच खाली करून एवढंच म्हणाले, "फोर्ट?" त्या एका शब्दावर पुढची नऊ वर्षं चालली.

पहिले पंधरा दिवस फुकट गेलो. मग आम्हालाच लाज वाटायला लागली. मी शिपिंग कंपनीत अकाउंट्सला, त्यामुळे हिशेब माझ्या गळ्यात पडला. ऐरोली ते बॅलार्ड पिअर जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या आसपास. सात माणसं भरलेली ओम्नी लिटरला चौदा द्यायची. पेट्रोल तेव्हा तीसच्या घरात. म्हणजे दिवसाला दीडशेचं पेट्रोल, महिन्याचे चोवीस दिवस धरून छत्तीसशे. ऑइल, टायर, पंक्चर धरून माणशी ५५० रुपये ठरले. काकांनी स्वतःचाही वाटा धरला. "गाडी माझी असली तरी ऑफिस माझंही आहे," हे त्यांचं वाक्य. दर महिन्याच्या दोन तारखेला वहीत सह्या.

सात जण असे : काका चालवायला, शेजारी ऑडिटर साहेब (त्यांचे गुडघे मागे मावत नसत), मागे मी, मंत्रालयातल्या वहिनी, सी-विंगमधल्या बँकेतल्या ताई, प्रेसमध्ये बाइंडिंगचं काम करणारे दादा, आणि सातवी सीट फिरती. फिरती म्हणजे कोणाला जे.जे.ला पेशंट बघायला जायचंय, कोणाला पासपोर्टचं काम, कोणाची मुलाखत. त्यांनी आदल्या रात्री नऊपर्यंत माझ्याकडे नाव द्यायचं, वीस रुपये. आपल्या सोसायटीतल्या किमान पाच मुलांच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला ही सीट गेली आहे. वहीत तशी नोंद आहे : 'मुलाखत, पैसे घेतले नाहीत.'

नियम थोडे होते. सात चाळीसला गेट. पाच मिनिटं थांबणार, सहावं नाही. एकदा ऑडिटर साहेबच सात शेहेचाळीसला आले आणि त्यांनी व्हॅनचा मागचा भाग पाहिला. तीन दिवस बोलले नाहीत, चौथ्या दिवशी सात तीसला हजर. गाडीत सोसायटीच्या मेंटेनन्सवर बोलायचं नाही, हा नियम वहिनींनी करून घेतला आणि त्यामुळे मैत्री टिकली असं माझं मत आहे. रेडिओ काकांच्या पसंतीचा. खिडकीची जागा आठवड्याने बदलायची.

७९६ सीसीचं ते इंजिन पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कण्हायचं. डाव्या-उजव्या हाताला खाडी, ओहोटीला चिखलात फ्लेमिंगो. ताई बँकेत डोकं घालून काम करणाऱ्या. त्या म्हणायच्या, दिवसातली ही दोन मिनिटंच माझी. पुढे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, सायन, दादर टीटी, परळ, भायखळा. २००२ मध्ये जे.जे.चा उड्डाणपूल झाला आणि महंमद अली रोडवरचा रोजचा अर्धा तास वाचला, तेव्हा काकांनी पेढे वाटले होते. पूल त्यांनीच बांधल्यासारखे.

२६ जुलै २००५ बद्दल प्रत्येक घरात गोष्ट आहे, त्यामुळे आमची थोडक्यात. त्या मंगळवारी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला फक्त ७३. हा आकडा नंतर वाचला आणि आम्ही साडेपाचला एवढ्या निवांतपणे का निघालो ते कळलं. फोर्टात नुसता पाऊस होता. गांधी मार्केटपाशी व्हॅनच्या दारापर्यंत पाणी आलं आणि इंजिन बसलं. दादा आणि मी उतरून ढकलत गाडी एका उंचवट्यावर चढवली. रात्र गाडीत काढली. समोरच्या चाळीतल्या बायकांनी मध्यरात्री चहा आणि पारले-जी आणून दिले, वहिनी आणि ताईंना वर घरात बोलावलं. मोबाइल लागत नव्हते. ताईंची मुलगी तेव्हा सहा वर्षांची, घरी एकटी. तिचे बाबा नोकरीनिमित्त बाहेरगावी. ताई रात्रभर एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळी सगळे चालत निघालो, हायवेवर एका ट्रकने मुलुंडच्या नाक्यापर्यंत सोडलं, आणि पूल पायी. दुपारी एकला गेटमध्ये शिरलो तर ती मुलगी आमच्या घरी पोळी-गुळांबा खात बसलेली. आमच्या हिने आदल्या संध्याकाळीच तिला आणून ठेवलं होतं. लोकलने गेलो असतो तरी वेगळं काही झालं नसतं, लोकल पण बंदच होत्या. पण ती रात्र सात जणांची मिळून झाली, हे खरं.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला इतके दिवस टाळत होतो, तो.

मार्च २००९. संध्याकाळची वेळ, कांजूरमार्गच्या पुढे मागून टेम्पोने ठोकलं आणि आमची व्हॅन पुढच्या ट्रकवर गेली. ऑडिटर साहेबांचं कॉलरबोन मोडलं. बाकीच्यांना मुका मार. व्हॅनचं पुढून-मागून पत्र्याचं काम, रेडिएटर, काच, सगळं धरून गॅरेजवाल्याने ३८ हजार सांगितले. काकांचा विमा पूर्ण होता, काळजी नव्हती. सर्व्हेअर आला, फोटो काढले, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडीत कोण कोण होतं. काका सरळ माणूस. म्हणाले, "आमचेच सोसायटीचे लोक. रोज बरोबर जातो, पेट्रोलचे पैसे वाटून घेतो."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. शर्यती, व्यापारी माल आणि भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वाहतूक, यासाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही. तुमची गाडी मोबदल्यासाठी चालत होती, सबब क्लेम नामंजूर. पुढे एक ओळ होती : काही लेखी हिशेब असल्यास सादर करावा.

लेखी हिशेब माझ्या कपाटात होता. त्यात काकांचाही वाटा लिहिलेला होता, नफा एक पैशाचा नव्हता, हे त्या वहीतूनच सिद्ध झालं असतं. आणि नऊ वर्षं दरमहा पैसे घेतले, हेही त्याच वहीतून सिद्ध झालं असतं. काका म्हणाले, "तुला काय वाटतं?" मला काय वाटत होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी म्हणालो, "वही नको दाखवूया." वही दाखवली असती तर काय झालं असतं कोण जाणे. काकांनी ग्राहक मंचात जायचं ठरवलं, मग वकिलाची फी ऐकून सोडून दिलं. ३८ हजारांपैकी निम्मे आम्ही सगळ्यांनी काढले, निम्मे काकांनी भरले.

नंतर मी या विषयाच्या मागे लागलो. अकाउंट्सचा माणूस, कागद सोडवत नाही. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. प्रवासी वाहतूक पैसे घेऊन करायची तर परमिट हवं, पिवळी पाटी हवी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेणं म्हणजे परमिटशिवाय धंदा. यात शेजाऱ्यांनी पेट्रोल वाटून घेणं कुठे बसतं, हे कोणी स्पष्ट लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. गंमत म्हणजे ब्रिटनचा रस्ता वाहतूक कायदाही १९८८ चाच, आणि त्यात एक स्वतंत्र कलम आहे : प्रवाशांकडून जमलेले एकूण पैसे गाडीच्या खर्चापेक्षा जास्त नसतील आणि ते आधी ठरलेले असतील, तर ती खासगीच वाहतूक समजायची, विमा लागू. एक छोटं कलम. काकांचे एकोणीस हजार त्या कलमात होते.

हा वाद फार जुना आहे हेही तेव्हाच कळलं. १९१४ साली लॉस एंजेलिसमध्ये लोकांनी आपापल्या मोटारीत ट्रामच्या थांब्यावरची माणसं पाच-पाच सेंटला घ्यायला सुरुवात केली. त्या नाण्याला बोलीत जिटनी म्हणत, म्हणून गाड्याही जिटनी. वर्षभरात ते लोण अमेरिकेतल्या शहरा-शहरांत गेलं. ट्राम कंपन्यांचा धंदा बसायला लागला, मग नगरपालिकांनी लायसन्स, हमी, ठरावीक रस्ते असे नियम लावले आणि चार-पाच वर्षांत बहुतेक ठिकाणी तो प्रकार आटोपला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तेच सरकार लोकांना एकत्र जा म्हणून विनवत होतं, कारण जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतले आणि टायर मिळेनात. एकट्याने मोटार चालवणाऱ्याच्या शेजारी हिटलर बसलेला दाखवणारं १९४३ चं पोस्टर प्रसिद्धच आहे. १९७३ मध्ये मिनेसोटातल्या थ्रीएम कंपनीने आपल्या कामगारांसाठी सहा व्हॅन घेतल्या, चालवणारा कामगारांपैकीच एक, बाकीचे महिन्याचे पैसे भरणार. हे तेलाचं संकट यायच्या काही महिने आधी. म्हणजे आमच्या काकांच्या व्हॅनची कल्पना काकांच्या आधी सत्तावीस वर्षं कोणाला तरी सुचली होती. फरक एवढाच की तिथे मागे कंपनी उभी होती.

अपघातानंतर एप्रिलमध्ये गच्चीवर सगळे जमलो. व्हॅन दुरुस्त झाली होती पण पैसे घेऊन माणसं बसवायची काकांची हिंमत नव्हती, आणि त्यांना कोण दोष देणार? मी तोडगा सुचवला. तोवर चौघांकडे गाड्या आल्या होत्या : काका, ऑडिटर साहेब, वहिनींच्या घरची, आणि माझी नवी अल्टो. प्रत्येकाने आठवड्याची पाळी घ्यायची. पैशाचा व्यवहारच नाही, तर मोबदल्याचा प्रश्न नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मग दादा म्हणाले, "आमचं काय?"

दादांकडे गाडी नव्हती आणि व्हायची शक्यता नव्हती. ताईंकडेही नव्हती. कोणीतरी मोठ्या मनाने म्हणालं, अहो तुम्ही बसा की तसेच, तुमची काय पाळी लावायची! बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता. ताई दोन मिनिटं गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "नऊ वर्षं मी साडेपाचशे, सातशे, नऊशे भरले. माझी सीट होती ती. आता रोज कोणाच्या तरी उपकारावर बसायला मला जमणार नाही." दादा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दोघंही रिक्षाने ऐरोली स्टेशन, तिथून ठाणे, ठाण्याला पूल चढून स्लो नाहीतर फास्ट. दादांना त्यात पाऊण तास जास्त लागायचा आणि प्रेसमध्ये लेट मार्क लागायचे.

आम्ही चौघं पाच जणांच्या गाडीत चौघंच जात राहिलो. एक सीट रिकामी. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण स्मरणिकेत आपण सगळे चांगलेच असतो.

२०१२ मध्ये मुलीकडे अमेरिकेत, व्हर्जिनियात, दोन महिने होतो. जावई वॉशिंग्टनच्या बाजूला नोकरीला जायचा. एक दिवस म्हणाला, चला बाबा, तुम्हाला गंमत दाखवतो. वुडब्रिजजवळ होर्नर रोडला मोठं पार्किंग आहे, तिथे सकाळी सहाला माणसं रांगेत उभी, हातात कॉफी. गाड्या येतात, चालवणारा काच खाली करून ओरडतो, "पेंटॅगन!" पुढचे दोघं बसतात, गाडी सुटते. ओळख ना पाळख. मला आमच्या काकांचं "फोर्ट?" आठवलं. या रांगेला तिकडे स्लग लाइन म्हणतात. बस ड्रायव्हर खोट्या नाण्याला स्लग म्हणायचे आणि थांब्यावर उभी असलेली ही माणसं त्यांना खोटे प्रवासी वाटायची, म्हणून, असं सांगतात.

या प्रकाराला कारण आहे तिथला शर्ली हायवे. १९७३ च्या डिसेंबरात त्याच्या मधल्या, बससाठी राखलेल्या मार्गिका चार किंवा जास्त माणसं असलेल्या मोटारींना खुल्या केल्या. नंतर चारचे तीन झाले. एकटा माणूस तेव्हा बाजूच्या गर्दीत तासभर रखडायचा, तिघांची गाडी मधून सुसाट. त्यामुळे चालवणाऱ्यालाच प्रवासी हवा असतो. पैसे? पैसे कोणी देत नाही, देऊ केले तर विचित्र समजतात. बसणाऱ्याने आपणहून गप्पा सुरू करायच्या नाहीत, काच खाली-वर करायला सांगायचं नाही, आणि रांगेत बाई एकटी मागे राहणार असेल तर तिला आधी जाऊ द्यायचं. आम्ही मागे बसलो, पंचवीस-तीस मैल झाले, उतरताना 'थँक यू', संपलं.

परतीच्या विमानात मला ताईंचं वाक्य आठवत राहिलं. त्या रांगेत उपकार नव्हता, कारण दोघांनाही एकमेकांची गरज होती. बसणाऱ्याचं नुसतं बसणं हीच त्याची काँट्री होती. रस्ता ती वसूल करून द्यायचा. सिंगापूरनेही १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागात सकाळी शिरणाऱ्या मोटारींना फी लावली आणि चौघांच्या गाडीला सूट दिली, तर लोक बसथांब्यावरून माणसं उचलायला लागले. आपल्याकडे ऐरोलीच्या टोलनाक्यावर एकट्याच्या फॉर्च्युनरला आणि सात जणांच्या ओम्नीला तेव्हा एकच टोल असायचा. रिकाम्या सीटची किंमत आपल्या रस्त्यावर शून्य. मग ताईंकडे द्यायला पैशाशिवाय दुसरं काय होतं? आणि तेच मी बंद केलं होतं.

हे मी ताईंना सांगितलं नाही. कसं सांगणार? जिन्यात भेटलो तर "कसं काय भाऊ", "बरं आहे ताई" एवढंच.

पुढचं भरभर. २०१३ मध्ये ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला, आणि छेडानगरपासून पी. डि'मेलो रोड वीस-पंचवीस मिनिटांत यायला लागला. त्या आनंदात आमची पाळी अजून दोन वर्षं टिकली. मग काका रिटायर झाले, ओम्नी भंगारात गेली. ऑडिटर साहेब मुलाकडे पुण्याला. वहिनींचं ऑफिस बदललं. दादांनी प्रेस बंद पडल्यावर गावची वाट धरली. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे, ही स्मरणिका पाठवणार आहे. मुलांची पिढी अॅपवरून अनोळखी माणसांबरोबर जायला लागली, आणि त्यांना आमच्या वहीचं हसू यायचं. त्यांना मी सांगतो की जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने खासगी पाटीच्या गाड्यांच्या अशा अॅपवरच्या पूलिंगला मनाई करणारा निर्णय काढला, त्यात कारण आमचंच होतं, परमिट आणि विमा. वही असो की अॅप, प्रश्न तोच. शिवाय वाहतुकीची दिशाही बदलली. पूर्वी सकाळी सगळी ऐरोली बाहेर जायची. आता माइंडस्पेसमध्ये बाहेरून हजारो माणसं ऐरोलीत येतात आणि कंपन्यांच्या बसेस आपल्याच गेटसमोर हॉर्न वाजवतात.

मार्च २०२०. लोकल बंद. जूनमध्ये खासगी ऑफिसं थोड्या माणसांवर उघडली आणि आमच्या कंपनीने मला बोलावलं, कारण सह्या माझ्या. मी अठ्ठावन्न वर्षांचा. अल्टो दोन वर्षांपूर्वीच विकलेली, डोळ्याच्या ऑपरेशनमुळे. लोकल अत्यावश्यक सेवेलाच, त्यात मी बसत नाही. टॅक्सीवाला जाऊन-येऊन दोन हजार सांगायचा. पहिला आठवडा तसाच काढला. दुसऱ्या सोमवारी रात्री बेल वाजली. ताई, मास्क लावून, दारापासून चार पावलं लांब.

"भाऊ, मी रोज गाडीने जातेय. चालक आणि मागे दोघं, एवढी परवानगी आहे. मागे डावीकडे बसा. सात चाळीस."

ताई तोवर बँकेत ऑफिसर झाल्या होत्या आणि २०१६ मध्ये त्यांनी वॅगनआर घेतली होती, हे मला माहीत होतं. त्या गाडीत मी कधी बसलो नव्हतो. सकाळी सात पस्तीसला खाली उतरलो. पूल रिकामा होता, फ्लेमिंगो परत गेलेले. हायवेवर अॅम्ब्युलन्स सोडून काही नाही. भायखळ्यापर्यंत कोणी बोललो नाही. महिनाअखेरीला मी पाकीट पुढे केलं. त्यांनी आरशातून बघितलं आणि म्हणाल्या, "पैसे घेतले तर विमा जातो ना भाऊ? तुम्हीच शिकवलंत."

मला घाम फुटला. मी म्हणालो, "ताई, तेव्हा माझं चुकलं."

"हो, चुकलं," त्या म्हणाल्या. मग पुलाचा चढ संपेपर्यंत काही नाही. मग, "त्या रात्री माझी पोरगी तुमच्याकडे होती. ते मी कुठल्या वहीत लिहू?"

शेवटी टोलवर तडजोड झाली. टोलचे सुट्टे पैसे माझे, बाकी काही नाही. डॅशबोर्डवर एक श्रीखंडाचा रिकामा डबा होता, त्यात मी दर सोमवारी नोटा-नाणी भरून ठेवायचो. सर्वसामान्यांना लोकल पूर्ण खुली व्हायला पुढचं वर्ष उजाडलं, ऑगस्ट २०२१ मध्ये दोन डोस झालेल्यांना परवानगी मिळाली. मी तोवर त्यांच्याच गाडीने गेलो, आणि खरं म्हणजे त्यानंतरही, रिटायर होईपर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या नाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला तेव्हा ताईंनी डबा घरी आणून दिला. त्यात ८५ रुपये शिल्लक होते. वहीच्या शेवटच्या पानावर ते जमा दाखवले आहेत.

आपल्याकडे फ्लॅट अठ्ठेचाळीस आणि पार्किंग एकतीस, त्यावर किती भांडणं होतात ते वेगळ्या लेखात आलंच आहे. गेल्या दिवाळीपासून नोटीस बोर्डावर एक कागद लावलाय, कोण कुठे, किती वाजता आणि किती सीट रिकाम्या. फोर्टच्या ओळीत सध्या ताईंची वॅगनआर आहे, आणि डी-विंगमधल्या दोन मुली तिच्यात जातात. एकीला गाडी चालवता येते, ती शुक्रवारी चालवते. दुसरीला येत नाही. ती काय देते ते मी विचारलं, तर ताईंनी उत्तर दिलं नाही, नुसत्या हसल्या. ताई पुढच्या मार्चमध्ये रिटायर होतायत, त्यामुळे त्या ओळीसाठी एक गाडी हवी आहे. वही सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवली आहे, कोणालाही बघता येईल. मागच्या बाजूची चाळीस पानं कोरी आहेत.

सध्या गाडी सात चाळीसला गेटवरून सुटते. पाच मिनिटं थांबतात.